तांबडा विझेपर्यंत

विमानतळावर कामाला लागलो तो १९८६चा जून. पहिल्या दिवशी फोरमनने ना हत्यारांची ओळख करून दिली, ना विमानाची. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवारात, नेऊन उभं केलं. नुकतंच एक विमान बे-वर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागेवर, येऊन थांबलं होतं. त्याच्या पोटाखाली लुकलुकणारा तांबडा दिवा बोटाने दाखवत ते म्हणाले, "हा तांबडा विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. पाऊस पडो, साहेब ओरडो, पॅसेंजर खोळंबो. विझला की मग जायचं."

पुढची पस्तीस वर्षं मी विमानांची वीज सांभाळली. बॅटऱ्या, जनरेटर, वायरिंग आणि दिवे. त्यातले दिवे मला सगळ्यात जवळचे. इतर वस्तू काम करतायत की नाही हे मीटर लावून बघावं लागतं. दिव्याचं काम मात्र गच्चीवरून कुणालाही दिसतं.

हे आज लिहायला बसलो त्याला कारण आमच्या बिल्डिंगमधली एक आठवीतली मुलगी. आम्ही घाटकोपर पूर्वेला राहतो. पूर्वेकडून मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जातात, रात्री तर दर दोन-तीन मिनिटांनी. गच्चीवर ती मला म्हणाली, "आजोबा, दिवे लुकलुकतात कशाला? सरळ लावून का ठेवत नाहीत?" तिथल्या तिथे थोडंसं सांगितलं, पण ते उत्तर मलाच अपुरं वाटलं. शिवाय तिच्या प्रश्नाचा एक धागा मे २०२४च्या एका रात्रीशी जाऊन भिडतो. ती रात्र माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

आधी तो तांबडा. त्याला बीकन म्हणतात. एक विमानाच्या पाठीवर, एक पोटाखाली. इंजिन सुरू करण्याआधी पायलट तो लावतो आणि इंजिनं पूर्ण थंडावल्यावरच बंद करतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, इंजिन चालू आहे हे कळायला दिवा कशाला हवा, आवाज येतोच की. एप्रनवर उभं राहून बघा. आजूबाजूला चार विमानं घोंगावत असतात, कानांवर इअरमफ असतात, त्यात तुमच्यासमोरचं इंजिन चालू आहे की शेजारचं हे कानाने कळत नाही. डोळ्यांनीही कळत नाही, कारण समोरून वारा आला तर बंद इंजिनाचा पंखासुद्धा सावकाश फिरत राहतो. पावसाळ्यात तर कायमच. तेव्हा खरं सांगणारा एक तो तांबडाच. चालू इंजिनासमोर काही पावलं चुकली तर माणूस उरत नाही. १६ डिसेंबर २०१५ला आमच्याच विमानतळावर पुशबॅकच्या, म्हणजे विमान मागे ढकलण्याच्या, वेळी एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. मी त्या दिवशी ड्यूटीवर नव्हतो. दुसऱ्या दिवशी आमच्या शेडमध्ये कुणी डबा उघडला नाही.

विमानाच्या टोकांवरचे दिवे वेगळे. डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा, उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा, शेपटीला पांढरा. हे लुकलुकत नाहीत, एकसारखे जळतात. ही पद्धत जहाजांकडून आली, आणि मला ती नोकरीच्या आधीपासून पाठ होती. माझं आजोळ हर्णैचं. मामाच्या बोटीवरही डाव्या अंगाला तांबडा आणि उजव्या अंगाला हिरवा. रात्री समोरून नुसता हिरवा दिसला तर ती बोट आपल्यासमोरून आडवी चाललीय. दोन्ही रंग एकदम दिसले तर ती थेट आपल्या अंगावर येतेय, सुकाणू फिरव. विमानात हेच गणित अंशांत बसवलंय. तांबडा ११० अंशांत दिसतो, हिरवा ११० अंशांत आणि मागचा पांढरा १४०. बेरीज करा, बरोबर ३६० होते. कुठूनही बघा, एक ना एक रंग तुमच्याकडे बघत असतो, आणि त्यावरून समोरच्याचं तोंड कुठे आहे ते कळतं.

एवढं सगळं असताना लुकलुकणारे दिवे हवेतच कशाला?

याचं उत्तरही मामानेच आधी देऊन ठेवलं होतं. तो म्हणायचा, "जी बोट बाजूला सरकताना दिसते तिची भीती नाही. जी एकाच जागी दिसते आणि नुसती मोठी होत जाते, ती आपल्यावर आदळणार." आकाशात तंतोतंत असंच असतं. दोन विमानं टकरीच्या वाटेवर असली की एकाच्या काचेतून दुसरं अजिबात हललेलं दिसत नाही. काचेवर चिकटलेल्या ठिपक्यासारखं ते तिथेच राहतं. आपल्या डोळ्याला हललेलं पटकन दिसतं, स्थिर असलेलं नजरेतून सुटतं. म्हणजे ज्या विमानापासून सर्वांत जास्त धोका, तेच सर्वांत उशिरा लक्षात येणार. शेवटच्या काही सेकंदांत ते एकदम फुगल्यासारखं मोठं होतं आणि तेव्हा काही करायला वेळ उरत नाही. या ठिपक्याला जागेवरून हलवणं तर शक्य नाही, मग त्याला लुकलुकवायचं. दुसऱ्या विमानातला पायलट समोरची मीटरं वाचत असला तरी त्याच्या नजरेच्या कडेला काहीतरी लखलखतं आणि मान आपोआप वळते. डोळ्याच्या कडेला रंग नीट कळत नाही, बारीक आकार कळत नाही, पण चमक मात्र तिथे पटकन टिपली जाते. रस्त्यावर अँब्युलन्स मागून येते तेव्हा आपल्याला हाच अनुभव येतो.

दुसरं कारण खालच्या शहराचं. रात्री मुंबईवर उतरताना पायलटला खाली लाखो दिवे दिसतात. वर तारे. त्यात एक पांढरा स्थिर दिवा म्हणजे हिवाळ्याच्या रात्री मोजायला घेतलेल्या चांदण्यांतली एक. ठरावीक तालात उघडझाप करणारा दिवा मात्र त्या गर्दीत मिसळत नाही.

दिवसा तर स्थिर दिवा उलटं कामही करू शकतो, आणि ही गोष्ट ऐकून मी स्वतः चक्रावलो होतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४३मध्ये, अमेरिकी नौदलाने पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांसाठी 'येहुदी' नावाचा एक प्रयोग केला. अव्हेंजर विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेला दिवे बसवले आणि त्यांचा उजेड मागच्या आभाळाच्या उजेडाशी जुळवला. दिवे नसताना जे विमान १२ मैलांवरून दिसायचं, ते दिवे लावल्यावर २ मैलांवर येईपर्यंत दिसेना! आभाळ उजळ असतं म्हणून विमान काळा ठिपका दिसतं. त्या ठिपक्यातच आभाळाइतका उजेड भरला की ठिपका पुसला जातो. म्हणजे दिवा लावला की वस्तू दिसणारच असं नाही. आजूबाजूपेक्षा वेगळेपण हवं, आणि सतत बदलतं वेगळेपण असेल तर फारच उत्तम.

पंखांच्या टोकांवर कडक पांढरा झटका मारतो तो स्ट्रोब. तांबडा बीकन आणि हे पांढरे स्ट्रोब मिळून टक्कर टाळण्याची दिव्यांची यंत्रणा होते. नियम सांगतो, मिनिटाला ४० पेक्षा कमी वेळा नाही आणि १०० पेक्षा जास्त वेळा नाही. फार सावकाश लुकलुकला तर दोन झटक्यांमध्ये विमान कुठल्या कुठे जातं आणि बघणाऱ्याला धागा सापडत नाही. फार जलद झाला तर तो एकसंध वाटायला लागतो आणि बघणाऱ्याच्या डोक्याला त्रास. उजेड किती हवा तेही ठरलेलं आहे. विमानाच्या पातळीत चारी बाजूंना किमान ४०० कॅन्डेला. एक कॅन्डेला म्हणजे साधारण एका मेणबत्तीचा उजेड, त्या हिशोबाने बघा.

आमच्या काळातला स्ट्रोब म्हणजे काचेची बोटाएवढी नळी, आत झेनॉन वायू. नळीमागे एक डबा, त्यात वीज साठवणारा कपॅसिटर. कपॅसिटर काहीशे व्होल्टपर्यंत भरत जातो आणि मग सगळी वीज एका क्षणात नळीत सोडतो. तो क्षण सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याइतका. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात हे तंत्र फोटोसाठी विकसित केलं. बंदुकीची गोळी हवेत थांबलेली दाखवणारे फोटो याच उजेडात निघाले.

ती नळी बदलायचं काम मी किती वेळा केलं असेल याला गणती नाही, पण एक रात्र हमखास आठवते. जुलै, पहाटेचे तीन, भुरभुर पाऊस. लॉगबुकमध्ये स्नॅग, म्हणजे बिघाड, लिहिलेला, उजवा स्ट्रोब बंद. विमान पाच वाजता निघणार. कॉकपिटमध्ये जाऊन सर्किट ब्रेकर ओढला, त्याला टॅग लावला. मग पंखाच्या टोकाशी शिडी लावून थांबलो. थांबायचंच असतं, कारण वीज काढली तरी कपॅसिटरच्या पोटात ती काही मिनिटं शिल्लक राहते आणि तेवढी माणसाला पुरेशी असते. बरोबरचा पोरगा नवीन होता, घाईत होता. त्याला म्हटलं, घड्याळ बघ. झाकणाचे स्क्रू काढले, गॅस्केटखाली पाणी शिरलेलं. नळीची दोन्ही टोकं काळी पडली होती. नवी नळी कपड्यात धरूनच बसवली, बोटाचं तेल लागता कामा नये. गॅस्केट नवं घातलं. खाली उतरून आजूबाजूच्या लोडरना मोठ्याने सांगितलं, "स्ट्रोब लावतोय, इकडे बघू नका." पहिला झटका बसला तेव्हा आसपासचा सगळा पाऊस हवेत थांबलेला दिसला. एकेक थेंब सुटा. अजूनही डोळे मिटले की दिसतो.

गच्चीवरच्या मुलीला मी एक खूण शिकवली, तुम्हीही बघा. पंखाच्या टोकाला पांढरा झटका सहसा जोडीने, टक-टक असा पडला तर ते एअरबस. एकेकटा पडला तर बहुधा बोइंग. ए-३२० विमानं १९८९मध्ये भारतात आली तेव्हापासून मला ही सवय जडली.

या दिव्यांची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर मी फक्त कौतुक करतोय असं होईल. ढगात शिरलं की स्ट्रोबचा काहीच उपयोग नाही. उजेड ढगावर आपटून परत कॉकपिटमध्ये येतो आणि पायलटला भोवळ आल्यासारखं होतं, म्हणून तेव्हा तो बंद करायची मुभा असते. १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदीचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ हवेत एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतली सगळी ३४९ माणसं गेली. हवेतल्या टकरींत एवढा मोठा आकडा दुसऱ्या कुठल्याच अपघाताचा नाही. तिथून जाणाऱ्या एका अमेरिकी लष्करी विमानाच्या पायलटने ढग आतून केशरी उजळलेला पाहिला. त्यानंतर भारतात येणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारं उपकरण सक्तीचं झालं. ते रेडिओवरून दुसऱ्या विमानाला विचारतं, तू किती उंचीवर आहेस, आणि पायलटला वर जा की खाली जा ते सांगतं. ढगात डोळ्यांचं काम त्याने उचललं.

माणसांचं झालं. पण आकाशात आणखी एक जण असतो, ज्याच्याकडे रेडिओ नाही आणि ज्याने आपले नियम वाचलेले नाहीत.

विमान उतरलं की वॉकअराउंड, म्हणजे विमानाभोवती फिरून तपासणी, करताना पक्षी आदळल्याच्या खुणा शोधणं हे रोजचं काम. आम्ही त्याला बर्ड हिट म्हणतो. नाकाच्या रॅडोमवर, म्हणजे रडारच्या टोपणावर, रक्ताची ओढलेली रेघ, इंजिनाच्या तोंडाशी पिसं, कधी नुसता वास. इंजिनात पक्षी गेला की जळलेल्या मांसाचा वास केबिनपर्यंत येतो. लँडिंग लाइटची, म्हणजे उतरताना पुढे लागणाऱ्या मोठ्या दिव्याची, काच फुटलेली तर मी कित्येकदा बदलली आहे. ६०० वॅटचा तो बल्ब, त्याच्या फुटक्या काचेत एकदा इवलीशी करडी पिसं आणि एक पाय अडकला होता. पाकोळी असावी. ती मी कागदात गुंडाळून बाजूला ठेवली. तिथून पुढे प्रत्येक वेळी मनात यायचं, हा दिवा तर मैलोन्‌मैल दिसतो. हिला दिसला नाही?

आता ती रात्र. २० मे २०२४, सोमवार. मुंबईचं मतदान त्याच दिवशी होतं, बोटाला शाई लागलेली. बरोबर आठवड्यापूर्वी वादळात आमच्या घाटकोपरला होर्डिंग कोसळून माणसं गेली होती, त्यामुळे जरा कुठे आवाज झाला की लोक खिडकीत येत. रात्री जेवणं आटपता आटपता खाली आरडाओरडा सुरू झाला. आकाशातून पक्षी पडले होते. पंतनगर, लक्ष्मीनगर, रस्त्यांवर, गच्च्यांवर. रोहित पक्षी, फ्लेमिंगो. दुबईहून येऊन उतरणाऱ्या एका विमानाने त्यांचा थवाच्या थवा गाठला होता. विमान सुखरूप उतरलं. पक्षी तिसाहून जास्त गेले.

मी खाली गेलो तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पडला होता. रस्त्याच्या पिवळ्या उजेडात त्याचा गुलाबी रंग कळत नव्हता. मोबाइलचा टॉर्च लावला तेव्हा पंखाच्या आतला लाल पट्टा दिसला, शाईत बुडवल्यासारखा. मान लांब पसरलेली. लांबून ठाण्याच्या खाडीत चिखलात उभे असलेले हजारो पाहिलेत, हातभर अंतरावरून हा पहिलाच. वनखात्याची माणसं आली आणि पोत्यांतून पक्षी घेऊन गेली. लोक एकमेकांना विचारत होते, एवढं मोठं विमान, एवढा आवाज, एवढे दिवे, तरी कसे धडकले? बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी एवढंच म्हणालो, रात्री लांबच्या प्रवासाला निघतात ते. मे संपत आला की खाडीतले रोहित गुजरातकडे परतू लागतात, आणि मोठा पल्ला ते रात्रीच उडतात. हे खरंच होतं, पण विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी याबद्दल जेवढं वाचता येईल तेवढं वाचलं.

पहिली गोष्ट वेगाची. उतरणारं विमान सेकंदाला सुमारे ७० मीटर येतं. तीनशे मीटरवर असताना पक्ष्याने पाहिलं तर त्याच्या हातात चार सेकंद. अमेरिकेत काऊबर्ड नावाच्या पक्ष्यांवर प्रयोग झाले, २०१५मध्ये प्रसिद्ध झालेले. अंगावर येणाऱ्या गाडीचा व्हिडिओ दाखवून तो कधी उडतो ते बघितलं. तो वेग मोजत नाही, अंतर मोजतो, असं निघालं. ठरावीक अंतरावर गाडी आली की उडायचं, मग ती सावकाश येवो की सुसाट. ताशी १२० किलोमीटरच्या पुढे हा हिशोब त्याला पुरत नाही. लाखो वर्षं त्याच्यावर ससाणा झेपावला, कोल्हा धावला, त्या वेगांना हा हिशोब पुरेसा होता. ताशी अडीचशेने अंगावर येणारं विमान त्याच्या पूर्वजांनी पाहिलेलं नाही. म्हणजे त्या पाकोळीला दिवा दिसला असणार. तो किती लवकर पोचणार, हे तिला कळायला काहीच मार्ग नव्हता.

दुसरी गोष्ट, एकसारखा जळणारा दिवा रात्रीच्या पक्ष्यांना दूर ढकलत नाही, उलट ओढून घेतो. मिशिगनमध्ये टॉवरवरच्या दिव्यांचा अभ्यास झाला, २००९मध्ये तो छापून आला. उंच टॉवरवर एकसारखे जळते तांबडे दिवे काढून फक्त लुकलुकणारे ठेवले तर आदळून मरणारे पक्षी निम्म्याहून कमी झाले. दोन झटक्यांमधल्या अंधारात पक्ष्याला आपली वाट परत सापडत असावी, असं मला वाटतं. पुढे अमेरिकेने टॉवरच्या दिव्यांचे नियमच बदलले. एक दिवा बदलायचा, बस्स. माझ्यासारख्या वायरमनला यापेक्षा आनंदाची बातमी कुठली?

विमानांचे लँडिंग लाइटही डावा-उजवा आळीपाळीने लुकलुकवायची कल्पना आहे. काही कंपन्यांनी विमानांवर तशी यंत्रणा बसवलीही. हडसन नदीवर विमान उतरलं ती घटना बहुतेकांना माहीत आहे. १५ जानेवारी २००९, सुमारे २,८०० फुटांवर कॅनडा गूज पक्ष्यांचा थवा दोन्ही इंजिनांत गेला आणि कॅप्टन सलनबर्गर यांनी ए-३२० नदीत उतरवून १५५ माणसं वाचवली. भरदुपारी, स्वच्छ हवेत. त्या चौकशीनंतर पक्ष्यांना दूर ठेवणारं, विमानावरच बसवता येईल असं काहीतरी शोधा, अशी शिफारस झाली. मग त्याच जातीच्या पक्ष्यांसमोर रेडिओवर चालणारं छोटं विमान नेऊन बघितलं गेलं. दिवे लावलेलं विमान येताना ते लवकर सावध झाले.

माझं लक्ष सगळ्यात जास्त वेधलं ते पर्ड्यू विद्यापीठाच्या २०१८च्या प्रयोगाने. काऊबर्डला एका वाटेवर सोडायचं, पुढे डावीकडे किंवा उजवीकडे जाता येतं. एका बाजूला दिवा लावलेला. रंग बदलत राहायचे आणि तो कुठली बाजू घेतो ते मोजायचं. निळा आणि तांबडा त्याने स्पष्ट टाळले. हिरवा, अतिनील आणि पांढरा यांचं त्याला काहीच वाटलं नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. पस्तीस वर्षं मी लावले ते सगळे लँडिंग लाइट आणि सगळे स्ट्रोब पांढरे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यात चार. डोळे त्यांचे बाजूला, आपले समोर. त्यांचं जग आपल्यासारखं नाही, आणि सगळे दिवे मात्र आपल्याच डोळ्यांना विचारून ठरले. तांबडा म्हणजे डावा आणि हिरवा म्हणजे उजवा, हे मामाने आणि समोरच्या बोटीवरच्या नाखव्याने दोघांनीही मानलेलं होतं, म्हणून ते काम करायचं. पक्ष्याशी असा करार करायचा तर आधी त्याला काय दिसतं ते विचारायला हवं. पर्ड्यूच्या लोकांनी ते विचारलं, म्हणून मला त्यांचं काम मोठं वाटतं.

पण काऊबर्ड अमेरिकेतला. मुंबईच्या आकाशात घारी आहेत, बगळे आहेत, वटवाघळं आहेत आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित आहेत. घारीला कुठला रंग नको वाटतो? रात्री थव्याने उडणारा रोहित आळीपाळीने लुकलुकणाऱ्या दोन दिव्यांना बघून वर जातो, खाली जातो, की थवा फुटतो? हे इथेच बघायला हवं. नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झालाय. म्हणजे ज्या खाडीवर हे पक्षी येतात तिच्या दोन्ही अंगांना धावपट्ट्या. दोन विमानतळ, पक्ष्यांची जुनी जाणकार माणसं आणि अभ्यासाच्या संस्था एवढ्या जवळ आहेत की मुंबईइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. मी इंजिनिअर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच, पण हे व्हावं असं मनापासून वाटतं आणि ते होण्यासाठी मी लिहीत राहणार आहे.

तोवर दिव्यावर सगळा भार टाकून चालणार नाही. १९३७च्या विमान नियमांतला ९१वा नियम सांगतो, विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत जनावरं कापायची नाहीत, सोलायची नाहीत, पक्षी येतील असा कचरा टाकायचा नाही. देवनारचा कचऱ्याचा डोंगर सरळ रेषेत मोजला तर या अंतराच्या आतच येतो, आणि त्याच्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी आमच्या गच्चीवरूनसुद्धा दिसतात. आमच्या गल्लीत मटणाच्या दुकानाचा उरलेला माल रात्री नाल्याकाठी टाकला जायचा, सकाळी तिथे घारींचा गोल. आम्ही चार-पाच जणांनी दुकानदाराशी बसून बोललो. तोही समजूतदार निघाला, आता झाकणाच्या पिंपात भरून ठेवतो आणि पालिकेची गाडी घेऊन जाते. घारी कमी झाल्या. पावसाळ्यात मात्र कोणाचंच काही चालत नाही. पहिला पाऊस झाला की धावपट्टीशेजारच्या गवतातून पंखाच्या वाळव्या उठतात, गांडुळं वर येतात आणि त्यांच्यामागे बगळे आणि घारी. ते हाकलणारी विमानतळाची माणसं फटाके घेऊन जीपमधून दिवसभर फिरतात. त्यांचं नाव कुठे येत नाही.

मे २०२४नंतर मी एक वही केली आहे. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊ ते अकरा गच्चीवर बसतो. रोहित अंधारात दिसत नाहीत, पण ऐकू येतात. उडताना एकमेकांना हाका देत जातात, घोगऱ्या, थोड्या बदकांसारख्या. वेळ, दिशा, आवाज किती वेळ आला, तेव्हा विमान होतं का, एवढं लिहून ठेवतो. ती आठवीतली मुलगी आता बरोबर बसते, विमानांची बाजू ती सांभाळते. शेवटची नोंद तिच्या अक्षरात आहे: रात्री ९.५०, आवाज पूर्वेकडून, वायव्येला सरकला, एक मिनिट. थवा दिसला नाही. विमान एक, उतरणारं, टक-टक.